दिवे मंद झालेत

फाटकाच्या डाव्या खांबाला गाडी घासली, त्या संध्याकाळी बाई शांतपणे खाली उतरल्या, चष्मा पुसला, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "दिवे मंद झालेत." खांब वर्षानुवर्षं तिथेच उभा होता आणि बाई रोज त्याच्या शेजारून गाडी आत घेत होत्या, तेव्हा दोष खांबाचा नव्हता हे उघड होतं. बाईंचा तर असूच शकत नव्हता. मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईंकडून चूक होते, ही कल्पनाच त्या गल्लीत कोणाला सुचली नसती. राहता राहिले दिवे.

बाईंचे यजमान त्या वेळी गाडीत डाव्या बाजूला, आपल्या नेहमीच्या जागी बसले होते. त्यांना सगळी गल्ली 'कंडक्टर' म्हणते. वास्तविक ते पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, पण हेडक्लार्क म्हणून त्यांना आता कोणी ओळखत नाही. गाडी बाईंच्या वडिलांची. गोल डोळ्यांची, फुगीर गालांची, उतारावर धावणारी आणि चढावर विचार करणारी. ती चालवतात बाई. कंडक्टरांनी लग्नानंतर एकदा शिकायचा प्रयत्न केला होता, तेव्हा गाडी रस्ता सोडून एका शिंप्याच्या दुकानात अर्धी शिरली, आणि बाईंनी अत्यंत सौम्य आवाजात सांगितलं, "तुम्ही डावीकडे बसत जा." तेव्हापासून ते डावीकडे बसत आले.

बसत आले म्हणजे नुसते बसत आले असं मात्र कोणी समजू नये. गाडीचा डावा इंडिकेटर सासऱ्यांच्या हयातीतच गेला होता, त्यामुळे डावीकडे वळायचं असलं की कंडक्टर खिडकीतून हात बाहेर काढत. काचेवर वाफ धरली की फडक्याने पुसत. आणि तोंडाने त्यांचं अखंड चालू असे. "डावीकडे सायकल आहे. सायकल गेली. कुत्रं आहे. कुत्र्याचं अजून काही ठरत नाहीये. आता शाळेची पोरं. थांब, एक मागे राहिलाय." सुरुवातीची कैक वर्षं बाई म्हणत, "अहो, मला दिसतंय. जरा गप्प बसा." ते काही गप्प बसत नसत. अलीकडे वर्षभरात मात्र बाईंनी गप्प बसा म्हणणं सोडून दिलं होतं. उशिरा का होईना, आपल्या कामाची घरात कदर होऊ लागली, असा कंडक्टरांनी त्याचा अर्थ लावला आणि मनातून ते फार सुखावले.

तर दिवे मंद झाले. त्यात काय मोठंसं, असं कोणालाही वाटेल. पण दर शनिवारी बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या बहिणीकडे जात. बहीण अंथरुणाला खिळलेली, बाई आल्याशिवाय केस विंचरून न घेणारी. परत निघेपर्यंत दिवेलागण होऊन जाई. त्या रात्री जेवताना बाई म्हणाल्या, "दिव्यांचं तेवढं मनावर घ्या. गाडी सुटली तर माझं सगळंच सुटलं." बाई असं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. कंडक्टरांचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी ते बॉनेटसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि इथेच पहिली चूक झाली. माणूस उघड्या बॉनेटसमोर एकटा उभा दिसला की गल्लीला राहवत नाही. समोरचे बँकवाले चहाचा कप हातात घेऊनच आले. नुसते दिवे बदलणं म्हणजे रोग सोडून उपचार, असं त्यांचं मत पडलं. आधी वायरिंग बघा म्हणाले. वरच्या मजल्यावरचे वकील गच्चीतून वाकून ऐकत होते. त्यांनी जन्मात सायकलही घेतली नव्हती, त्यामुळे त्यांच्या मतात कसलीच शंका नसे. एकदा करायचं तर सगळंच आधुनिक करून टाका, असा त्यांनी वरूनच निकाल दिला आणि इलेक्ट्रिशियनचा पत्ताही दिला.

या इलेक्ट्रिशियनला नाव असणारच, पण त्याला सगळे 'होऊनजाईल' म्हणत. कारण काहीही विचारलं तरी तो तेवढंच बोले. जुन्या गाडीला नवे पांढरे दिवे बसतील का? होऊन जाईल. काही बिघडणार तर नाही ना? होऊन जाईल. हे दुसरं उत्तर कंडक्टरांनी जरा नीट ऐकायला हवं होतं.

दिवे बसले. लावले तेव्हा अंगणात दिवस उगवल्यासारखं झालं, आणि गाडीचा वेग कमी होताच मावळलं. गाडीतली वीज करणाऱ्या जुन्या डायनॅमोला एवढा भार झेपेना. म्हणून त्याच्या जागी जास्त वीज करणारा नवा अल्टरनेटर आला. तो इंजिनापाशी बसेना, म्हणून त्याच्यासाठी पट्टी घडवून आणली. त्याच्या जोडीला मोठी बॅटरी हवी, ती जुन्या जागेत मावेना, म्हणून ती पुढच्या सीटमागे ठेवली, आणि मागे बसणाऱ्याने तिला मांडीवर घेतल्यासारखं बसावं असं ठरलं. मग एका सकाळी डॅशबोर्डखालून धूर निघाला. सासऱ्यांच्या काळातल्या, कापड गुंडाळलेल्या वायरींनी शेवटी हात टेकले होते. होऊनजाईलने सगळ्या वायरी उपसून अंगणात पसरल्या. बँकवाले चहा घेऊन आले आणि "मी म्हटलं नव्हतं?" एवढं बोलून, समाधानाने परत गेले.

या मधल्या काळात प्रत्येक टप्प्यावर बाई गाडीत बसून गल्लीमागच्या मैदानाला एक चक्कर मारून येत. कंडक्टर निकालाची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्यासारखे फाटकात उभे. बाई उतरत, थोडा वेळ दिव्यांकडे बघत आणि म्हणत, "बरे आहेत. पण कडेला अजून अंधारच वाटतो." या एका वाक्याने गाडीच्या बंपरवर दोन्ही कडांना आणखी दोन दिवे आले. त्यानंतर, "समोर छान आहे हो, कडेलाच जरा," म्हटल्यावर आणखी दोन आले. सासऱ्यांची सोज्वळ गाडी लग्नाच्या बँडवाल्यांच्या गाडीसारखी दिसू लागली. कंडक्टरांना ते बघवत नव्हतं, पण बाईंच्या कडेला अंधार राहता कामा नये म्हणून ते सगळं सोसत होते.

आता एवढं उघडलंच आहे तर बाकीचंही करून टाकू, असं वकील गच्चीतून म्हणाले. मागे कॅमेरा आला, पुढे त्याचा पडदा आला. मागे काही जवळ आलं की टींटीं करणारा भोंगा आला. रस्ता सांगणारी, न दिसणारी, अतिशय शुद्ध बोलणारी एक बाई आली. अंधार पडला की आपोआप लागणारे दिवे करण्याची खटपटही झाली. यात होऊनजाईलची एक तार चुकली, आणि गाडी बंद असली तरी रोज तिन्हीसांजेला अंगणात आपली आपण उजळू लागली. बँकवाल्यांच्या दिवाणखान्यात उजेडाचे झोत जाऊ लागले. त्यांनी आधी सुचवून पाहिलं, मग खोकून पाहिलं, शेवटी गल्लीच्या बैठकीत विषय काढला. होऊनजाईलने तार शोधली. डावा इंडिकेटर पन्नास वर्षांनी चालू झाला, एवढाच काय तो बदल. अंगण उजळायचं थांबेना.

कंडक्टर आपल्या हाताकडे बघत राहिले. म्हणजे हा हात आता बाहेर काढायचा नाही.

यानंतर परिवहन कार्यालय. गाडीत एवढा फेरफार केला तर तपासणी हवी, हे त्यांना वकिलांनी सगळं झाल्यावर सांगितलं. खिडकीमागचा कारकून म्हणाला, फेरफार करण्याआधी परवानगी घ्यायची असते. ठीक आहे, आता देता का? आता देता येणार नाही, आता फेरफार झालाय. मग आधी आलो असतो तर? तर फेरफार दाखवा म्हटलं असतं. कंडक्टरांनी पाणीपुरवठा खात्यात अशी वाक्यं स्वतः हजारो लोकांना ऐकवली होती, आणि ती इतकी चांगली बांधलेली असतात हे त्यांना पलीकडच्या बाजूने पहिल्यांदाच कळत होतं. साहेब आज नाहीत, असंही कारकून म्हणाला. तेही वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं.

साहेब ज्या दिवशी होते, त्या दिवशी ते स्वतः गाडीत बसले. हॉर्न दाबला, वायपर हलले. वायपर लावले, आतली बाई म्हणाली, "आपण इच्छित स्थळी पोहोचला आहात." साहेबांनी सगळे दिवे लावून भिंतीकडे बघितलं आणि डोळ्यांवर हात धरला. एवढा उजेड तुम्हाला कशाला हवाय, असं त्यांनी विचारलं. कंडक्टर म्हणाले, "गाडी आमची बायको चालवते. तिला कडेचं नीट दिसत नाही. दिव्यांमुळे."

साहेबांनी हात खाली घेतला आणि कंडक्टरांकडे बघितलं. मग आवाज उतरवून विचारलं, "डोळे दाखवलेत का त्यांचे?"

कंडक्टरांना ते फार लागलं. परक्या माणसाने, तेही बाईंच्याच जागेवर बसून, बाईंच्या डोळ्यांवर बोलावं? तारा नीट करून घ्यायच्या अटीवर साहेबांनी कागदांवर शिक्के मारले, ते त्यांनी घुश्शातच उचलले. घरी येऊन वायपरची गंमत सांगितली, आतल्या बाईची सांगितली. साहेबांचं ते वाक्य मात्र सांगितलं नाही. रात्री कूस बदलताना ते एकदोनदा आठवलं, तेव्हा त्यांनी ते मनातून झटकून टाकलं. दिव्यांवर एवढा खटाटोप केलेल्या माणसाला दुसरं काही ऐकून घ्यायची हिंमत उरत नाही.

हे सगळं पार पडल्यावरच्या पहिल्या शनिवारी गाडी निघाली तेव्हा गल्ली निरोप द्यायला उभी होती. होऊनजाईल खिडकीशी वाकून म्हणाला, "काका, आता तुम्ही निवांत बसा. बोलायचं कामच नाही. गाडी सगळं सांगते." वकील गच्चीतून म्हणाले, "कंडक्टर रिटायर झाले." सगळे हसले. बँकवालेसुद्धा हसले.

कंडक्टर हसले नाहीत. बोलायचं काम नाही तर नाही. त्यांनी हाताची घडी घातली आणि ओठ मिटून घेतले. दोनशे मीटरवर डावीकडे वळा, आतली बाई म्हणाली. डावा इंडिकेटर टिकटिकला. बाईंनी वळण घेतलं, पण नेहमीपेक्षा फार हळू. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तिला बंद करा बरं. तुम्हीच बोला." एवढा खर्च करून बंद कशाला करायचं, असं कंडक्टर रागातच म्हणाले. बाईंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. नेहमी त्या एका हाताने गाडी चालवत.

जाताना उजेड होता, निभावलं. परतताना संध्याकाळ झाली आणि गाडीने आपले सगळे दिवे आपणच लावले. रस्ता, कडेची झाडं, दुकानांच्या पाट्या, सगळं लख्ख. डावीकडच्या बोळातून एक रंगारी सायकलवर बाहेर आला. खांद्यावर शिडी, अंगात लालभडक शर्ट. कंडक्टरांनी त्याला बोळाच्या तोंडाशीच पाहिलं. 'डावीकडे सायकल' हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले होते. पण एवढ्या झगझगाटात लाल शर्ट कोणाला दिसणार नाही? आणि गाडी सगळं सांगते ना, मग सांगू दे तिला. त्यांनी शब्द गिळले.

गाडीने काहीच सांगितलं नाही. तिला फक्त मागचं कळत होतं.

नशीब की वेग कमी होता. रंगारी एकीकडे पडला, शिडी दुसरीकडे. कोपर खरचटलं, सायकलचं पुढचं चाक वाकलं, याहून जास्त काही झालं नाही. माणसं गोळा झाली. रंगाऱ्याला रागापेक्षा नवल जास्त वाटत होतं. कोपर झाडत तो दिव्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, एवढे दिवे लावलेत आणि मी दिसलो नाही?"

बाई स्टिअरिंगला धरून बसून राहिल्या. आयुष्यभर वर्गात प्रश्न त्यांनीच विचारले होते. कंडक्टर घाईघाईने उतरले आणि सगळ्यांना सांगू लागले की दिवे नवे आहेत, त्यांचा रोख चुकलाय, आम्ही आजच दुरुस्त करून घेतो. रंगाऱ्याला त्यांनी दवाखान्यात नेलं, सायकलची व्यवस्था लावली, पुन्हा पुन्हा माफी मागितली. बाईंनी गाडी पावलापावलाने घरी आणली.

अंगणात गाडी उभी राहिली तरी बाई उतरेनात. दिवे समोरच्या भिंतीवर पडले होते. रोख बघायचा असेल तर भिंतीपाशी उभं राहून बघतात, असं होऊनजाईलने शिकवलं होतं, म्हणून कंडक्टर भिंतीपाशी गेले. डाव्या कडेच्या, खास कडेसाठी बसवलेल्या दिव्याच्या झोतात उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. उजेडाने त्यांचे डोळे दिपले.

"दिसतंय ना नीट?" त्यांनी ओरडून विचारलं.

"लख्ख दिसतंय," गाडीतून बाई म्हणाल्या. "विटा मोजता येतील. पण तुम्ही कुठे आहात?"

कंडक्टर हात वर करून तसेच उभे. मग ते भिंतीला धरून उजवीकडे सरकू लागले, हळूहळू, गाडीच्या अगदी समोर येईपर्यंत.

"हां, आलात," बाई म्हणाल्या.

ते पुन्हा डावीकडे दोन पावलं सरकले.

"गेलात," बाई म्हणाल्या. मग आपण काय बोललो हे त्यांनाही कळलं.

कंडक्टर गाडीत येऊन आपल्या जागी बसले. परिवहन कार्यालयातल्या त्या साहेबांची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"खांबाच्या आधीपासून. आधी डाव्या कडेचं जायला लागलं. मला वाटलं, वय झालं. मग वाटलं, चष्मा."

"मग दिवे मंद झालेत असं कशाला म्हणालीस?"

बाई भिंतीकडेच बघत होत्या. "दिवे बदलता येतात म्हणून," त्या म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "आणि डावीकडचं तुम्ही सांगतच होता की."

वर्षभर बाईंनी गप्प बसा म्हटलं नव्हतं. ती कदर नव्हती. नुसती कदर असती तर बरं झालं असतं. ही बाई वर्षभर त्यांच्या बडबडीच्या भरवशावर गाडी चालवत होती. सायकल गेली म्हटलं की सायकल गेलेली असायची आणि कुत्र्याचं ठरत नाहीये म्हटलं की ती ब्रेकवर पाय ठेवायची. आणि आज ते रुसून बसले होते.

"आज मी बोललो नाही," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात जरा चुकला, सीटवर पडला, मग चाचपत गुडघ्यावर आला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. डोळ्यातल्या दाबाने आतली नस सुकत जाते, कडेचं आधी जातं, दुखत खुपत काही नाही म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही. थेंब घालून, उरलेलं जपायचं. बाईंनी एखादं गणित तपासून घ्यावं तसं सगळं दोनदा विचारून घेतलं. गाडीचं काय, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. घरी आल्यावर किल्ली खिळ्याला अडकवली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली. ती घासलेलीच होती. कंडक्टर शेजारी उभे राहून एकेक पुसत राहिले.

गल्लीला कळायचं ते कळलं. वकिलांनी गच्चीतून काही सुचवलं नाही, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. होऊनजाईल येऊन गाडीभोवती फिरला, आपोआप लागणारे दिवे तोडून टाकू का म्हणाला. बाई म्हणाल्या, राहू दे. गाडी अजूनही रोज तिन्हीसांजेला अंगणात आपली आपण उजळते; बॅटरी संपली की विझते आणि होऊनजाईल ती पुन्हा भरून देतो. बँकवाल्यांनी त्यावर पुन्हा विषय काढला नाही. त्यांनी दिवाणखान्याला जाड पडदे लावून घेतले.

शनिवारी दोघं टॅक्सीने निघाले. मागच्या सीटवर बाई सवयीने उजवीकडे बसल्या, कंडक्टर डावीकडे. टॅक्सीवाला तरुण होता, घाईत होता. पहिल्याच डाव्या वळणाला कंडक्टरांनी नकळत खिडकीतून हात बाहेर काढला. "काका, हात आत घ्या, कापला जाईल," टॅक्सीवाला म्हणाला. कंडक्टरांनी हात आत घेतला आणि मांडीवर ठेवला. त्या हाताचं आता काय करायचं, हे त्यांना खरोखरच सुचत नव्हतं.

थोडं अंतर गेल्यावर बाई म्हणाल्या, "बोला ना."

"काय बोलू? गाडी तो चालवतोय."

"असू दे. डावीकडे काय आहे ते सांगा."

कंडक्टरांनी घसा साफ केला. "डावीकडे शाळा आहे. सुटलीय. पोरी रांगेत आहेत, एक रांग सोडून बुटाची नाडी बांधतेय. आता औषधाचं दुकान. कुत्रं आहे. कुत्रं..." त्यांनी पुन्हा घसा साफ केला. "कुत्र्याचं अजून काही ठरत नाहीये."

आरशातून टॅक्सीवाल्याने एकदा मागे बघितलं आणि गाडीचा वेग जरा कमी केला.

बाई समोर बघत ऐकत होत्या. त्यांच्या बाजूची खिडकी उघडी होती, उजवीकडून वारा येत होता, रस्त्याचे आवाज येत होते. त्यांनी मान किंचित तिकडे वळवली, थोडा वेळ तशीच ठेवली, मग पुन्हा समोर केली.

"आणि उजवीकडे?" बाईंनी विचारलं.

कंडक्टर आपली जागा सोडून बाईंच्या अगदी जवळ सरकले, त्यांच्या खांद्यावरून वाकून पलीकडच्या खिडकीबाहेर बघितलं, आणि उजवीकडचंही सांगू लागले.